१९९१ : कोपऱ्यातले आवाज मोजले गेले ते वर्ष

१९९१ सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेत कोणता अल्बम किती खपतो, हे खात्रीनं कोणालाच सांगता येत नसे. ‘बिलबोर्ड’ हे तिथल्या संगीतधंद्याचं साप्ताहिक. दर आठवड्याला त्यात अल्बमची क्रमवारी छापून यायची. ती पाहून रेडिओवाले काय वाजवायचं ते ठरवायचे, दुकानदार काय मागवायचं ते ठरवायचे आणि कंपन्या कोणावर पैसा लावायचा ते ठरवायच्या. पण ही क्रमवारी बनायची कशी? साप्ताहिकाची माणसं ठरावीक दुकानांना विचारायची, सध्या काय चाललंय? काउंटरवरचा माणूस आठवून, अंदाजानं, कधी स्वतःच्या आवडीनं तर कधी एखाद्या कंपनीच्या मिठाला जागून नावं सांगायचा.

२५ मे १९९१च्या अंकापासून ही पद्धत बदलली. साउंडस्कॅन नावाची नवी व्यवस्था आली. दुकानात बारकोडवर यंत्र फिरलं की विक्रीची नोंद होणार आणि त्या नोंदींवरून यादी बनणार. अंदाज संपला, मोजणी सुरू झाली.

महिनाभरात धंद्यातल्या शहाण्यांचे डोळे पांढरे झाले. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम आला तो थेट दुसऱ्या क्रमांकावर, आणि पुढच्याच आठवड्यात पहिल्या. पाठोपाठ स्किड रो या हेवी मेटल बँडचा अल्बम पहिल्याच आठवड्यात अव्वल. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकानंही तेच केलं. रॅप, मेटल, कंट्री म्हणजे कोपऱ्यातल्या लोकांच्या आवडी, असं समजलं जायचं. कोपरा केवढा मोठा आहे, हे कोणी मोजलंच नव्हतं.

१९९१ची आठवण निघते तेव्हा ऑल्टरनेटिव्ह रॉकचे चाहते एका बँडचं आणि एका अल्बमचं नाव घेतात. सिएटलकडून तीन पोरं आली आणि त्यांनी जग उलटंपालटं केलं, अशी ती गोष्ट. गोष्ट छान आहे, पण अर्धी आहे. त्या वर्षी जग बदललं त्याहून जास्त ते दिसायला लागलं. जे दिसलं ते दहा वर्षं खपून उभं केलेलं होतं. आणि उभं करणाऱ्यांतले बरेचसे लोक फोटो काढायच्या वेळी हजर नव्हते.

आधीची दहा वर्षं

‘ऑल्टरनेटिव्ह’ हे मुळात दुकानातल्या खणावरच्या चिठ्ठीसारखं नाव. मोठ्या रेडिओवर जे वाजत नाही, ते सगळं त्या खणात. ऐंशीच्या दशकात मोठा रेडिओ चकचकीत पॉप आणि फुगवलेल्या केसांच्या रॉक बँडनी व्यापला होता. बाकीच्यांना जागा होती ती कॉलेजांच्या छोट्या रेडिओ केंद्रांवर. तिथे विद्यार्थी रात्री-अपरात्री स्वतःला आवडेल ते लावायचे. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया या छोट्या गावात कॉलेजचं केओएस नावाचं केंद्र होतं. तिथल्या धोरणानुसार वाजणाऱ्या संगीतापैकी ८० टक्के संगीत स्वतंत्र, छोट्या लेबलांचं असायला हवं होतं.

त्याच कॉलेजात शिकणाऱ्या ब्रूस पॅव्हिटनं १९८०मध्ये एक फॅनझिन काढलं. फॅनझिन म्हणजे चाहत्यानं स्वतः लिहिलेलं, स्वतः छापलेलं आणि स्वतःच वाटलेलं पत्रक. आपल्याकडच्या साठीतल्या अनियतकालिकांचं भावंडच म्हणा. फॅनझिनसोबत तो कॅसेट वाटू लागला. पुढे जोनाथन पोनमन त्याला येऊन मिळाला आणि सिएटलमध्ये ‘सब पॉप’ हे लेबल उभं राहिलं. १९८९मध्ये या लेबलनं निर्वाणाचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ काढला. त्याच्या रेकॉर्डिंगचा खर्च आला ६०६ डॉलर १७ सेंट. तेवढे पैसेही बँडकडे नव्हते. जेसन एव्हरमन या गिटारवादक मित्रानं ते भरले. त्यानं अल्बममध्ये एक सूरही वाजवलेला नसताना कव्हरवर त्याचं नाव छापलं गेलं.

सिएटल हे अशा अनेक गावांपैकी एक. कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅग आणि त्यांचं एसएसटी लेबल. मिनियापोलिसमध्ये हुस्कर डू आणि रिप्लेसमेंट्स. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्समध्ये आर.ई.एम. वॉशिंग्टन डीसीत इयन मकाय आणि त्याचं डिसकॉर्ड. सगळ्यांची रीत साधारण एकच. जुनी व्हॅन घ्यायची, तिच्यात अँप्लिफायर, ड्रम आणि माणसं कोंबायची, शेकडो किलोमीटर जाऊन पन्नास-साठ लोकांसमोर वाजवायचं आणि रात्री त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी घरी जमिनीवर अंग टाकायचं. कुठल्या गावात कोण कार्यक्रम लावतं, कोणाकडे झोपायला जागा मिळते, कुठला दुकानदार पैसे बुडवत नाही, ही माहिती फोनवरून आणि पत्रांतून एका बँडकडून दुसऱ्याकडे जायची. इंटरनेट येण्याआधीचं हे एक जाळंच होतं. मायकेल अझेराडनं या काळावर ‘अवर बँड कुड बी युअर लाइफ’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं आहे. त्याचा काळ सुरू होतो १९८१ला आणि संपतो १९९१ला. लोक जिथून सुरुवात मोजतात, तिथे हे पुस्तक मिटतं.

याचं सगळ्यात बोलकं चित्र त्याच वर्षी ४ जुलैला शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये दिसलं. रिप्लेसमेंट्स हा दशकभर धडपडलेला बँड. गाणी एकापेक्षा एक, पण दारू, बेशिस्त आणि हातातोंडाशी आलेली संधी लाथाडायची सवय. त्या दिवशी त्यांचा कार्यक्रम रेडिओवरून थेट ऐकवला जात होता. शेवटाकडे एकेक वादक आपलं वाद्य सामान उचलणाऱ्या मदतनीसाच्या हातात देऊन मंचावरून निघून गेला. बँड संपला. ज्या बदलासाठी या पिढीनं रस्ता झिजवला, तो यायला १२ आठवडेही उरले नव्हते.

एक मँडोलिन आणि एक निरोपाचा दौरा

बदलाची पहिली चाहूल लागली ती एका मँडोलिनमुळे. आर.ई.एम.नं मार्चमध्ये ‘आउट ऑफ टाइम’ हा अल्बम काढला. त्यातलं गाजलेलं गाणं, ‘लूझिंग माय रिलिजन’, मँडोलिनच्या सुरावटीवर उभं आहे. शीर्षकाचा धर्माशी संबंध नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात संयम सुटणं, जीव मेटाकुटीला येणं यासाठी तसं म्हणतात. गाण्यात नेहमीसारखं ध्रुवपद नाही, नाचायला ठेका नाही. तरी ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि अल्बम मे महिन्यात पहिल्या क्रमांकावर पोचला. तेही बँडनं मोठा दौरा न करता.

त्या गाण्याचा व्हिडिओ केला होता तरसेम सिंग या जालंधरमध्ये जन्मलेल्या तरुण दिग्दर्शकानं. काराव्हाज्जोच्या चित्रांतला काळोख आणि आपल्याकडच्या पौराणिक सिनेमांतला भडक, स्वप्नासारखा नाट्यमयपणा त्यानं एकत्र आणला. आज यूट्यूबवर तो पाहिलात, तर कॅलेंडरवरच्या देवादिकांची आठवण होईल अशा चौकटी त्यात सापडतील. त्या वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओनं सहा पुरस्कार घेतले.

जुलैत दुसरी चाहूल लागली. जेन्स ॲडिक्शन हा बँड फुटायच्या बेतात होता. गायक पेरी फॅरेलनं निरोपाचा दौरा काढायचं ठरवलं आणि एकट्यानं जाण्याऐवजी फिरती जत्राच उभी केली. तिचं नाव लोलापलूझा. १८ जुलैला ॲरिझोनात ती सुरू झाली. एकाच तिकिटात नाइन इंच नेल्स, सूझी अँड द बॅनशीज, लिव्हिंग कलर आणि रॅपर आइस-टी. बाजूला राजकीय आणि पर्यावरणवादी संस्थांचे तंबू. ज्या बँडना शहरातल्या छोट्या क्लबांपलीकडे कोणी विचारत नव्हतं, त्यांना ऐकायला भर उन्हात हजारो पोरं मैदानात उभी राहिली. त्या पोरांनाही पहिल्यांदाच कळलं की आपण एवढे जण आहोत. वर्गात एकट्यालाच असलं काही आवडतं असं वाटणाऱ्या मुलासाठी ही साधी गोष्ट नव्हे.

ऑगस्टचे दहा दिवस

या वर्षातले मला सगळ्यात आवडणारे दिवस म्हणजे १७ ते २७ ऑगस्ट. एवढ्या थोड्या दिवसांत किती काय घडलं, पाहा.

१७ ऑगस्टला कॅलिफोर्नियात निर्वाणाच्या नव्या गाण्याचा व्हिडिओ चित्रित झाला. शाळेच्या जिमखान्यासारखा सेट, धूर, बाकांवर बसवलेली खरीखुरी चाहती पोरं. दिवसभर शांत बसायला लावलेल्या पोरांना शेवटी मोकळं सोडलं आणि त्यांनी सेटची धूळधाण केली. तेच चित्रीकरण व्हिडिओत राहिलं.

२३ ऑगस्टला निर्वाणा इंग्लंडमधल्या रेडिंग महोत्सवात भर दुपारी वाजवत होते. मुख्य मानकरी संध्याकाळी येणार होते. सॉनिक यूथ या न्यूयॉर्कच्या ज्येष्ठ बँडनं त्यांना आपल्यासोबत युरोपात नेलं होतं. डेव्ह मार्की कॅमेरा घेऊन सोबत फिरत होता. पुढे त्या दौऱ्याचा माहितीपट आला, ‘१९९१ : द इयर पंक ब्रोक’. नाव ठेवलं तेव्हा त्यात चेष्टा होती. वर्ष सरेपर्यंत ते खरं ठरलं.

आणि २० ते २५ ऑगस्ट या दिवसांत, जगाचं लक्ष नसताना, त्या चिमुकल्या ऑलिंपियात ‘इंटरनॅशनल पॉप अंडरग्राउंड कन्व्हेन्शन’ भरलं. भरवणारे होते केल्व्हिन जॉन्सन आणि कँडिस पेडरसन, के रेकॉर्ड्स या लेबलवाले. मोठ्या कंपन्यांना तिथे थारा नव्हता. पहिली रात्र फक्त मुलींची. मंचावर मुली, माइकही मुलींच्या हातात. पंकच्या कार्यक्रमांत पुढच्या रांगा धक्काबुक्की करणाऱ्या मुलांच्या असायच्या आणि मुली मागे भिंतीला टेकून कोट सांभाळत उभ्या असायच्या. त्या रात्री हे उलटं झालं. हेव्हन्स टू बेट्सी या जोडीनं तिथे पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. त्यांच्यातली कोरिन टकर पुढे स्लेटर-किनी या बँडमधून जगभर ऐकली गेली. ब्रॅटमोबाइलच्या ॲलिसन वुल्फ आणि मॉली न्यूमन यांनी त्याच उन्हाळ्यात ‘रायट गर्ल’ नावाचं छोटंसं फॅनझिन काढलं होतं. पत्रकाचं नाव चळवळीला पडलं. बलात्कार, घरातली मारहाण, शरीराची लाज यांवर मुली उघड बोलू, लिहू आणि गाऊ लागल्या.

हे सूत फार लांब नाही. निर्वाणाच्या ज्या गाण्यानं जग हादरलं, त्याचं शीर्षकही याच मुलींकडून आलेलं. बिकिनी किलच्या कॅथलीन हॅनानं एका रात्री कर्ट कोबेनच्या खोलीच्या भिंतीवर लिहिलं, की याला ‘टीन स्पिरिट’चा वास येतो. टीन स्पिरिट हा मुलींसाठीचा एक डिओडरंट. तिची मैत्रीण टोबी व्हेल तो वापरायची. कर्टला ब्रँडचं नाव माहीत नव्हतं. त्याला ती क्रांतीची घोषणा वाटली. एका चेष्टेतून पिढीचं गाणं ठरलेल्या गाण्याला नाव मिळालं.

२७ ऑगस्टला पर्ल जॅमचा पहिला अल्बम ‘टेन’ आला. त्यामागे एक मरण होतं. १९ मार्च १९९०ला सिएटलचा लाडका गायक अँड्र्यू वुड हेरॉइनच्या अतिसेवनानं गेला. त्याच्या मदर लव्ह बोन या बँडमधले स्टोन गॉसर्ड आणि जेफ अमेंट सैरभैर झाले. साउंडगार्डनचा क्रिस कॉर्नेल हा वुडच्याच घरात राहणारा मित्र. त्यानं मित्रासाठी गाणी लिहिली आणि सगळ्यांनी मिळून ‘टेंपल ऑफ द डॉग’ हा अल्बम केला. त्यात सॅन डिएगोहून आलेला एक लाजरा मुलगा कॉर्नेलसोबत गायला. तो एडी व्हेडर. शोकातून सावरता सावरता एका शहराला दुसरा बँड मिळाला. एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून पुढे मासिकांनी ज्यांना झुंजवलं, ती ही माणसं एकाच तिरडीमागून चाललेली होती.

१४४ ते १

२४ सप्टेंबर १९९१, मंगळवार. अमेरिकेत त्या एका दिवशी निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’, रेड हॉट चिली पेपर्सचा ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’ आणि पिक्सीजचा ‘ट्रॉम्प ल माँद’ दुकानांत आले. रॅप ऐकणाऱ्यांसाठी ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा ‘द लो एंड थिअरी’सुद्धा.

‘नेव्हरमाइंड’कडून कंपनीच्या अपेक्षा माफक होत्या. सॉनिक यूथच्या शिफारशीवरून गेफननं बँडला घेतलं होतं. सब पॉपला करार सोडण्याचे ७५ हजार डॉलर आणि पुढच्या विक्रीत छोटा वाटा मिळाला. तेव्हा सब पॉप दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. या पैशांनी ते तगलं. बुच व्हिगनं लॉस एंजेलिसजवळच्या साउंड सिटी स्टुडिओत अल्बम रेकॉर्ड केला. दुकानांत पहिल्यांदा ४६ हजारांच्या आसपास प्रती गेल्या. सॉनिक यूथच्या अल्बमइतका, म्हणजे अडीच लाख खपला तरी गंगेत घोडं न्हालं, असा हिशेब होता.

यादीत तो आला १४४व्या क्रमांकावर. व्हिडिओ एमटीव्हीवर पहिल्यांदा लागला तो रविवारी मध्यरात्रीच्या ‘१२० मिनिट्स’ या कार्यक्रमात, म्हणजे पुन्हा कोपऱ्यातच. मग लोक फोन करून तेच गाणं मागू लागले. दुकानांतला माल संपला. बारकोडवरची यंत्रं आठवड्यामागून आठवडे बीप बीप करत राहिली. नाताळच्या सुट्टीत पोरांनी भेट मिळालेले पैसे घेऊन दुकानं गाठली आणि ११ जानेवारी १९९२च्या यादीत ‘नेव्हरमाइंड’ मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली सारून पहिल्या क्रमांकावर आला.

जुन्या पद्धतीत हे झालं असतं का? कदाचित झालं असतं, पण उशिरानं आणि अडखळत. काउंटरवरच्या माणसाला विचारून बनलेल्या यादीत मायकल जॅक्सनला हलवायला कोणाची जीभ रेटली असती? यंत्राला तसला संकोच नव्हता.

गाण्याचीही कमाल होतीच. दबक्या आवाजात कडवं आणि मग छप्पर फाडणारं ध्रुवपद, ही रचना कर्टनं पिक्सीजकडून उचलली आणि ते त्यानं मोकळेपणानं मान्यही केलं. डेव्ह ग्रोल वर्षभरापूर्वी वॉशिंग्टन डीसीच्या पंक बँडमधून आलेला; त्याचे ड्रम म्हणजे कोणी दारावर धडका मारावी तसे. अँडी वॉलेसनं मिक्सिंग करताना या सगळ्याला रेडिओवर चालेल अशी झळाळी दिली. बँडला ती पुढे खुपत राहिली. पण ऐकणाऱ्याला धून आणि आरडाओरडा दोन्ही एकदम मिळत होतं. बीटल्सही आवडतो आणि ब्लॅक फ्लॅगही, हे एकाच माणसाबाबत खरं असू शकतं, हे मोठ्या रेडिओला तोवर सुचलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये एल७ या मुलींच्या बँडनं गर्भपाताच्या हक्कासाठी ‘रॉक फॉर चॉइस’ हा उपक्रम सुरू केला. पहिल्याच कार्यक्रमात निर्वाणा आणि होल त्यांच्यासोबत उभे राहिले. त्याच महिन्यात ॲनिटा हिल अमेरिकी सिनेटसमोर लैंगिक छळाची साक्ष देत होती आणि अख्खा देश टीव्हीसमोर बसला होता. मंचावरच्या आणि टीव्हीवरच्या या दोन गोष्टी एकाच हवेतल्या होत्या.

मोजणीच्या बाहेर

यंत्र विक्री मोजतं, कान मोजत नाही. १९९१चे काही सर्वोत्तम अल्बम त्याच्या नजरेला जेमतेम पडले.

स्लिंट हा केंटकी राज्यातल्या लुइव्हिलचा बँड. पोरं विशीच्या आसपासची. त्यांनी चार दिवसांत सहा गाणी रेकॉर्ड केली आणि मार्चमध्ये ‘स्पायडरलँड’ हा अल्बम आला. तोवर बँड फुटलेला होता. कव्हरवर खाणीतल्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेली चार हसरी डोकी. आत कुजबुजत सांगितलेल्या गोष्टी, लांबच लांब शांतता आणि मग अचानक कोसळणारी गिटार. तेव्हा कोणी फारसा घेतला नाही. पुढच्या वीस वर्षांत मात्र पोस्ट-रॉक म्हणवणाऱ्या असंख्य बँडनी त्यालाच गुरू मानलं.

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या आयरिश-इंग्लिश बँडचा ‘लव्हलेस’ नोव्हेंबरमध्ये आला. केव्हिन शील्ड्स दोन वर्षं स्टुडिओमागून स्टुडिओ पालथे घालत होता. खर्चानं क्रिएशन हे त्यांचं लेबल बुडायला आलं, अशी दंतकथा आहे. शील्ड्सला ती मान्य नाही. अल्बमनंतर लेबलनं त्यांना सोडलं आणि पुढचा अल्बम यायला २०१३ उजाडलं. ‘लव्हलेस’ हेडफोनवर ऐका. गिटार वाजते आहे की भिंत वितळते आहे, कळत नाही, आणि त्या वितळण्याच्या आतून कोणी तरी हळुवार गातं.

आणि फुगाझी. इयन मकायचा हा बँड मोजणीला जाणूनबुजून पाठ फिरवून उभा होता. कार्यक्रमाचं तिकीट पाच डॉलर, सगळ्या वयाच्या मुलांना प्रवेश, अल्बम स्वतःच्याच लेबलवर, टी-शर्ट विकायचे नाहीत. १२ जानेवारी १९९१ला, आखाती युद्ध पेटायला चार-पाच दिवस उरले असताना, ते व्हाइट हाउससमोरच्या बागेत कडाक्याच्या थंडीत युद्धाविरुद्ध वाजवत होते. वर्षाची सुरुवात तिथून झाली, हेही लक्षात ठेवायला हवं.

इकडे, आपल्याकडे

त्याच युद्धाशी आपल्या गच्च्यांवरच्या डिशची गोष्ट जोडलेली आहे. युद्धाची थेट दृश्यं सीएनएनवर दिसतात, हे मुंबई-दिल्लीच्या बड्या हॉटेलांतून कळलं आणि उपग्रहाच्या टीव्हीची हाव सुटली. जुलैत मनमोहन सिंग यांनी तो प्रसिद्ध अर्थसंकल्प मांडला. १५ सप्टेंबरला हाँगकाँगच्या स्टार टीव्हीवरून एमटीव्ही एशिया सुरू झालं. ‘नेव्हरमाइंड’ येण्याच्या बरोबर नऊ दिवस आधी. मग एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर केबलच्या काळ्या तारा टाकल्या जाऊ लागल्या.

मुंबईत रॉक नव्हतं असं नाही. धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं. रॉक मशीन हा बँड स्वतःची इंग्रजी गाणी करत होता. १९९३मध्ये त्याचं इंडस क्रीड झालं. त्याच वर्षी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघू लागलं. ते मासिक आणि कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलेली गाणी हेच आपलं जाळं.

पण एक फरक होता. तिकडे हे संगीत खालून वर आलं; व्हॅन, फॅनझिन, कॉलेज रेडिओ या पायऱ्या चढून. आपल्याकडे ते आभाळातून, डिशमधून उतरलं. पायऱ्या आपण पाहिल्याच नाहीत. आपल्याला दिसला तो थेट एमटीव्हीवरचा कर्ट, जगातला सगळ्यात प्रसिद्ध ‘कोपऱ्यातला माणूस’. म्हणून आपल्याकडच्या आठवणीत १९९१ म्हणजे एक चेहरा आणि एक गाणं. फर्ग्युसन रोडवर किंवा हिल रोडवर पिवळ्या स्मायलीचा काळा टी-शर्ट आजही लटकलेला दिसतो. तो घालणाऱ्यानं फुगाझी ऐकलेला असलाच पाहिजे, असं मुळीच नाही. पण टी-शर्टच्या मागे एक रस्ता आहे, एवढं त्याला कोणी तरी सांगायला हवं.

किंमत

मोजलं गेल्यावर पुढे जे होतं ते झालं. कंपन्यांची माणसं करारपत्रं घेऊन सिएटलला उतरली. थंडीमुळे आणि पैसे नसल्यामुळे घातले जाणारे चौकड्यांचे जुने शर्ट फॅशन झाले. नोव्हेंबर १९९२मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला ग्रंज पोरांची बोली छापायची होती. पूर्वी सब पॉपमध्ये काम केलेल्या मेगन जास्परला त्यांनी फोन केला. तिनं जागच्या जागी शब्द रचून सांगितले. रिकामटेकडं भटकणं म्हणजे ‘स्विंगिंग ऑन द फ्लिपिटी-फ्लॉप’ वगैरे. पेपरनं ते गंभीरपणे छापले. याच मेगन जास्पर पुढे सब पॉपच्या प्रमुख झाल्या.

हसू येतं, पण त्यामागे दुखणंही होतं. जे शर्ट, जे शब्द, जी चिडचीड आपली होती, ती आता विकत मिळू लागली. रायट गर्लच्या मुलींनी १९९२मध्ये पत्रकारांशी बोलणंच थांबवलं, कारण त्यांच्या मुद्द्यांऐवजी त्यांच्या कपड्यांबद्दल छापून यायचं. पर्ल जॅमनं तिकीटविक्रीच्या मक्तेदारीशी भांडण मांडलं. गॉसर्ड आणि अमेंट १९९४मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर साक्षीला गेले. भांडण काही त्यांनी जिंकलं नाही. आणि एप्रिल १९९४मध्ये कर्ट कोबेननं २७व्या वर्षी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याला प्रसिद्धीनं मारलं, असं म्हणणं सोपं आहे, पण तसं म्हणू नये. पोटाचं जुनं दुखणं, नैराश्य, हेरॉइन, सगळं आधीपासून होतं. एवढंच म्हणता येईल, की आजारी माणसाला थोडा आडोसा लागतो, आणि १९९१नंतर त्याला तो उरला नाही.

मग या वर्षाची आठवण इतक्या प्रेमानं का काढायची? कारण त्या वर्षी काही महिने दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या होत्या. दार उघडलं होतं आणि दाराशी पहारेकरी बसला नव्हता. सॉनिक यूथसारखा बँड धाकट्यांना सोबत नेत होता. ऑलिंपियात मुली पहिल्यांदा माइक हातात घेत होत्या. सिएटलमध्ये मित्राच्या मरणावर मित्र गाणी करत होते. यातलं काहीच पहिल्या क्रमांकासाठी चाललं नव्हतं. पहिला क्रमांक नंतर आला.

आज तुमच्या फोनमध्ये प्रत्येक सेकंद मोजला जातो. कुठलं गाणं कितव्या सेकंदाला सोडलं, हेही कोणाला तरी कळतं. साउंडस्कॅनचं यंत्र आता खिशात आहे आणि ते नुसतं मोजून थांबत नाही. पुढे काय ऐकायचं तेही सुचवतं. त्याच्याशी भांडायची गरज नाही. १९९१मध्ये त्याच्याच थोरल्या भावानं कोपऱ्यातल्या लोकांवर उपकार केले होते. फक्त मोजणी चांगलं काही पिकवत नाही, पिकलेलं दाखवते. पिकतं ते कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, जिथे दुसऱ्या गावाहून आलेल्या चार दमलेल्या पोरांसाठी कोणी तरी जमिनीवर चादर अंथरलेली असते.

सुरुवात करायची असेल, तर ‘नेव्हरमाइंड’ ऐकाच. ते अजूनही शिळं झालेलं नाही. मग त्याच आठवड्यात ‘स्पायडरलँड’ लावा, रात्री, एकटे असताना. आणि तुमच्या शहरात या शनिवारी एखाद्या छोट्या जागेत कोणी तरी स्वतःची गाणी वाजवणार असेल, तर तिकीट काढून जा. कदाचित पन्नासच लोक असतील. रिप्लेसमेंट्ससमोरही सुरुवातीला तेवढेच असायचे.